रील, छायाचित्रमाला की स्टेटस: काम पाहून प्रकार निवडावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतून कुंदा या दुधाच्या मिठाईचे दुकान, साड्यांचा व्यवसाय अथवा भटकंतीचे पान चालवणाऱ्यांनी एकच मजकूर सगळीकडे टाकण्याऐवजी, त्यातून आपल्याला काय साधायचे आहे हे आधी ठरवावे.

नवे लोक जोडायचे असतील तर इन्स्टाग्राम रील किंवा यूट्यूब शॉर्ट्स निवडावेत, कारण हे उभे व्हिडिओ आपल्याला फॉलो न करणाऱ्यांनाही दाखवले जातात. आटत आलेल्या दुधाला तांबूस रंग चढत असतानाचे दृश्य पहिल्या दोन-तीन सेकंदांतच यावे, दुकानाची पाटी मागाहून दाखवली तरी चालते. अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे पडद्यावर ठळक अक्षरे हवीतच. आपल्या भागात बोलणे मराठीत ठेवून खाली कन्नड ओळी दिल्या, तर शेजारचा कन्नड ग्राहकही तितक्याच आपुलकीने थांबतो, आणि हा फायदा सीमाभागातील फार थोडे जण घेतात असे मला मनापासून वाटते.

बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याची वाट, सोबत न्यायच्या वस्तू किंवा साडीची निगा अशी पुन्हा लागणारी माहिती मात्र छायाचित्रमालेत, म्हणजे एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत पाहायच्या चित्रांत (कॅरोसेल) द्यावी, कारण वाचक ती सावकाश पाहून जतन करतो. इन्स्टाग्रामवर एका मालेत 20 पर्यंत चित्रे बसतात, तरी सहा-सातांत विषय संपवावा.

व्हॉट्सॲप स्टेटस 24 तासांत नाहीसे होते. आजचा ताजा माल नेहमीच्या ग्राहकांना कळवायला ते पुरेसे आहे.

महिनाभराने आकडे पाहताना लाइकपेक्षा जतन आणि शेअर किती झाले याला अधिक महत्त्व द्यावे, आणि ज्या प्रकाराला प्रतिसाद मिळाला त्यालाच पुढचा वेळ द्यावा.