खान्देशच्या बरोब्बर डोक्यावरून जाणारा तापलेला गुरू : साध्या डीएसएलआरने त्याचं अधिक्रमण कसं पकडायचं

तापलेला गुरू (हॉट ज्युपिटर) म्हणजे आपला गुरू नाही, तर दुसऱ्या ताऱ्याभोवती अगदी जवळून फिरणारा, गुरूसारखा मोठा आणि तापलेला ग्रह. आधीच क्लिअर करतो, ग्रह दिसणार नाही. तो आपल्या ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की मोठमोठ्या दुर्बिणींनाही तो वेगळा असा दिसत नाही. आपल्याला पकडायचंय ते त्याच्या आडवं येण्याने ताऱ्याचा उजेड जो थोडा कमी होतो ते (हे आडवं येणं म्हणजेच अधिक्रमण), आणि ते कॅमेऱ्यात येतं, अगदी मळ्यात उभं राहून येतं. १९९९ मधे एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना पहिल्यांदा पकडला तेव्हा डेव्हिड शार्बोनोने वापरलेल्या दुर्बिणीचं तोंड फक्त १० सेंमी होतं, म्हणजे आपल्या टेलिफोटो लेन्सच्या जवळपासच.

आता आपल्या भागाची गंमत. असे ग्रह असलेले तीन सगळ्यात फेमस तारे, ५१ पेगासी (क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, साधारण २०.८ अंश), एचडी २०९४५८ (१८.९) आणि एचडी १८९७३३ (२२.७). आणि जळगाव-धुळे-भुसावळ कुठे, तर २१ अक्षांशावर. म्हणजे तिन्ही तारे आपल्या डोक्यावरूनच जातात, तिथे हवेचा थर सगळ्यात पातळ, तारा कमी लुकलुकतो, मोजमाप चांगलं येतं. युरोपातल्या हौशी लोकांना हेच तारे तिरपे बघावे लागतात.

पहिल्यांदा करताय तर एचडी १८९७३३ च घ्या. तारा सूर्यापेक्षा लहान आणि ग्रह गुरूपेक्षा थोडा मोठा, म्हणून उजेड जवळजवळ २.४ टक्के कमी होतो, एवढा डिप इतक्या तेजस्वी ताऱ्यांमधे क्वचितच मिळतो. ग्रह २००५ मधे सापडला, अंतर साधारण ६४ प्रकाशवर्षं, ताऱ्यापासून जेमतेम ४७ लाख किमीवर (आपला बुध सूर्यापासून ५.८ कोटी किमी!), एक चक्कर सव्वादोन दिवसात. तापमान ९०० सेल्सिअसच्या वर, तिथे भुसावळच्या ४६ ची काय कथा.

शोधायचा कसा : अभिजित, श्रवण आणि हंस हा मोठा त्रिकोण ओळखा, त्याच्या आत श्रवणच्या वर बाणासारखा छोटा तारकासमूह आहे, सजिटा. बाणाच्या टोकापासून तीनेक अंश उत्तरेला एम२७ नावाचा धुरकट ठिपका, बायनाक्युलरमधून सहज दिसतो. त्याच्या पूर्वेला पाव अंशावर, म्हणजे चंद्राच्या अर्ध्या रुंदीवर, आपला तारा. तेजस्विता ७.७, नुसत्या डोळ्याला नाही दिसत. स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या अॅपमधे एकदा बघून ठेवा म्हणजे अंधारात चाचपडायला नको.

५१ पेगासी मात्र अंधारात डोळ्याला दिसतो, बघून तरी घ्याच. पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे जोडा, त्या रेषेच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला. १९९५ मधे मेयर आणि केलोझने इथेच या जातीचा पहिला ग्रह शोधला, त्यांना २०१९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल (अर्धा वाटा) मिळालं ते त्यावरच. फक्त तो ग्रह आपल्या बाजूने ताऱ्यासमोरून जात नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला काम नाही.

तारीख काढणं हे खरं काम आहे. चेक लोकांची एक्सोप्लॅनेट ट्रान्झिट डेटाबेस नावाची फ्री साइट आहे, तिथे अक्षांश-रेखांश टाकले की कुठल्या रात्री किती वाजता ते येतं, पण वेळ यूटीसीमधे (जागतिक वेळ), साडेपाच तास मिळवायला विसरू नका. अधिक्रमण पावणेदोन-दोन तासांचं असतं आणि आधी एक तास, नंतर एक तास साधा उजेडही लागतो, नाहीतर डिप कशाच्या तुलनेत दाखवणार, म्हणजे चार तास धरा. एकदा चांगली वेळ सापडली की नऊ चकरांनी, म्हणजे विसाव्या दिवशी, साधारण पाऊण तास आधी पुन्हा तीच संधी येते.

सीझन दोन. ऑक्टोबरमधे अंधार पडतो तेव्हा तारा डोक्यावरच असतो आणि अकरापर्यंत पश्चिमेला उतरतो. कोजागिरीची रात्र सोडा, चंद्र फार, आणि दिवाळीला अमावस्या असली तरी फटाक्यांचा धूर. माझ्या मते मे महिना भारी, मध्यरात्रीनंतर तारा पूर्वेकडून चढतो, पाचच्या सुमारास डोक्यावर येतो, आणि तसंही उकाड्याने अर्धा गाव गच्चीवरच झोपलेला असतो.

जागा : शहराच्या बाहेर कुठेही. पाल, तोरणमाळ, पाटणादेवी हे तर मस्तच (पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, शिलालेख आहे, तेव्हा आकाश बघायला याहून चांगला मुहूर्त कुठला). एवढं लांब नको तर मळा बरा, पण पाणी भरलेल्या केळीच्या बागेत बसू नका, हिवाळ्याकडे तिथे इतकं दव पडतं की लेन्स ओली होते. कोरडं मोकळं रान बघा आणि शेजारच्या मोटारीच्या खोलीवरचा बल्ब बंद करायला सांगा.

सामान म्हणजे डीएसएलआर, २०० एमएमची लेन्स, मजबूत ट्रायपॉड, दोन-तीन बॅटऱ्या आणि जमलं तर स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या मागे कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र). ट्रॅकरशिवाय होतं पण वैताग आहे, एकेक सेकंदाचे हजारो फोटो आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी फ्रेम परत लावायची, वर कॅमेरा सरळ आभाळाकडे, मान मोडते, खाट टाकून झोपूनच करा. ट्रॅकर असेल तर २०-३० सेकंदांचं एक्सपोजर, आयएसओ २००-४००, आणि फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. हो, बिघडवा. तारा टोकदार राहिला तर दोन-चार पिक्सेल फुल होऊन जातात आणि मोजमाप वाया जातं, पसरला की बरोबर येतं. मात्र एम२७ किंवा शेजारचा तारा त्यात मिसळेल इतका नको. रॉ मधेच काढा, जेपेग नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ सुरुवातीला मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवा. एकदा सेटिंग लावलं की मधे हात लावायचा नाही, इंटरव्हलोमीटर (ठरल्या वेळाने आपोआप फोटो काढणारा रिमोट) चालू द्या आणि शेकोटी जरा लांब पेटवून भरीत भाजायला घ्या (धूर कॅमेऱ्याकडे येणार नाही असा वारा बघून).

घरी आल्यावर फोटोंतून उजेड मोजायला अॅस्ट्रोइमेजजे किंवा सिरिल ही सॉफ्टवेअर, दोन्ही फ्री. फक्त हिरवा चॅनेल घ्या. आपल्या ताऱ्याभोवती गोल लावा आणि साधारण तेवढ्याच तेजाचे तीन-चार तारे तुलनेला घ्या, एकदम लालभडक तारे टाळा. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत आपला उजेड भागिले त्यांचा उजेड काढतं, त्यामुळे विरळ ढग, धूळ हे बऱ्यापैकी कटून जातं. एक सेकंदवाले फोटो असतील तर शंभर-शंभरची सरासरी घ्या, एकट्या फोटोत दोन-तीन टक्के गोंधळ सहज असतो, त्यात डिप हरवतो.

ग्राफ सपाट, मग वीस-पंचवीस मिनिटांत उतार, थोडा वेळ तळ, परत तसाच चढ, असं आलं तर जमलं. सगळा ग्राफच एका बाजूला कलला असेल तर तारा खाली उतरत गेल्याचा परिणाम, तो सॉफ्टवेअरमधे काढता येतो. शंका आली तर तुलनेतलाच एक तारा बाकीच्यांशी मोजून बघा, त्यातही तसाच खड्डा दिसला तर तो ग्रह नाही, दव किंवा ढग आहे भो.

चांगला ग्राफ आला की त्या चेक साइटवर टाका, किंवा नासाच्या एक्सोप्लॅनेट वॉचला पाठवा. मोठ्या दुर्बिणींना पुढच्या अधिक्रमणाची नेमकी वेळ लागते आणि ती अशा हौशी मोजमापांतून सुधारत राहते.

त्यानंतर एचडी २०९४५८ कडे वळा. त्याच्या दोन चकरा ७ दिवस १ तास ११ मिनिटांत होतात, म्हणजे एका शनिवारी सातला असेल तर पुढच्या शनिवारी सव्वाआठच्या आत-बाहेर, त्याच्या पुढच्या शनिवारी साडेनऊच्या आधी, सुट्टीवाल्यांना एकदम सोयीचं. पण डिप दीड टक्क्याचाच आणि अधिक्रमण तीन तासांचं, तो ट्रॅकरशिवाय करायला जाऊ नका.