झोआ-पॅली हाताळताना या चुका टाळा: रीफ टँकमधलं पॅलिटॉक्सिन

रीफ टँक म्हणजे घरात कोरल ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. ती लावणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात झोआंपासून, म्हणजे झोआंथस या कोरलांपासून होते. कमी उजेडात तग धरतात, पाण्याचं गणित थोडं चुकलं तरी मरत नाहीत आणि भराभर पसरतात. त्यांच्याच नात्यातल्या काही पॅलींच्या, म्हणजे पॅलिथोआंच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं. समुद्री जीवांमध्ये सापडणाऱ्या अतिजहाल विषांपैकी हे एक. १९७१ साली हवाईतल्या एका पॅलिथोआतून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं.

आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. पॅलिटॉक्सिन नेमकं त्या पंपाला चिकटतं आणि त्याचं सताड उघडं दार करून टाकतं. सोडियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर गळतं. स्नायू आणि हृदय यांचं काम या फरकावरच चालतं, त्यामुळे मोठा फटका त्यांना बसतो. या विषावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात आणि शरीर सावरेपर्यंत आधार देतात.

पण काचेच्या आत, पाण्याखाली शांत बसलेली वसाहत खोलीतल्या माणसाला काही करत नाही. विषबाधेच्या बहुतेक घटना माणसाने काहीतरी केल्यावर घडलेल्या आहेत: कोरल उकळलं, घासलं, कापलं किंवा पाण्याबाहेर काढून ठेवलं. म्हणजे टाळता येण्यासारखं बरंच काही आपल्याच हातात आहे.

चूक: नको असलेल्या पॅली उकळत्या पाण्याने मारणे

सगळ्यात घातक चूक हीच. पॅली खडकभर पसरल्या, बाकीच्या कोरलांवर चढू लागल्या, की खडक बाहेर काढून त्यावर उकळतं पाणी ओतावंसं वाटतं. उकळल्याने हे विष मोडत नाही. त्याची स्वतःची वाफ होत नाही, पण उकळत्या पाण्याबरोबर उडणारे डोळ्यांना न दिसणारे तुषार ते घेऊन हवेत जातात आणि थेट फुप्फुसात उतरतात. मायक्रोवेव्ह, स्टीम क्लीनर, जोराच्या फवाऱ्याचा पाइप, गॅसची ज्योत, लेसर यांनीही तेच होतं.

२०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरात टँकमधून कोरल बाहेर काढताना घरातली माणसं आजारी पडली आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या काही जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. खोलीत फक्त उभं असणारा माणूसही यात सापडतो, हे लक्षात ठेवा.

पाच-सहा पॉलिपच (वसाहतीतले एकेक जीव) असतील तर त्यांना हात न लावता पाण्यातच रीफ इपॉक्सीने, म्हणजे पाण्यात घट्ट होणाऱ्या चिकट लेपाने, पूर्ण झाकून टाका. वसाहत मोठी असेल तर त्या खडकाचा मोह सोडा. टँकच्या पाण्याने भरलेली बादली टँकला टेकवून ठेवा, खडक पाण्याखालीच हलवून सैल करा, उचलून लगेच बादलीत बुडवा, झाकण लावा आणि बादली घराबाहेर न्या. पुढचं काम ब्लीचचं.

चूक: ब्लीच अंदाजाने वापरणे

हे विष मोडण्यासाठी किमान ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइट ३० मिनिटं लागतं. पण बादलीतला चिकट स्राव आणि मेलेलं मांस बरंच क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आपण ०.५ टक्क्यांच्या आसपास राहायचं. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी. १० लिटरच्या बादलीत हे १ लिटर ब्लीच होतं. बाटलीवरचा आकडा आणि तारीख दोन्ही वाचा. जुन्या ब्लीचचा जोर उतरलेला असतो. सुगंधी, जेलसारखं किंवा साबण मिसळलेलं ब्लीच घेऊ नका.

हत्यारं आणि टब यांना ३० मिनिटं पुरतात. पॅली असलेला खडक मात्र एक दिवस बुडवून ठेवा, कारण त्यांचं अंग जाड असतं आणि द्रावण आतपर्यंत जायला वेळ लागतो. मग खडक ओला असतानाच दोन पिशव्यांत बांधून टाकून द्या.

खडक आधी व्हिनेगरमध्ये किंवा दुसऱ्या आम्लात भिजवलेला असेल तर ब्लीचजवळ नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही ब्लीच मिसळू नका.

चूक: कोरडा खडक घासणे

खडक उन्हात वाळवला म्हणजे पॅली मेल्या, आता ब्रशने खरवडून काढू, असा हिशेब केला जातो. पॅली मरतात, विष तिथेच राहतं. वाळलेल्या थराची धूळ नाकात जाते, घरभर बसते. ओल्या खडकावर पाण्याबाहेर ब्रश मारला तर तेच तुषारांच्या रूपात तोंडावर उडतं. जुना, वापरलेला लाइव्ह रॉक (समुद्री जीव वसलेला टँकमधला खडक) घेतला असेल तर त्यावर सुकलेल्या तपकिरी गोळ्या आहेत का ते आधी पाहा आणि शंका आली तर सरळ ब्लीचमध्ये टाका.

चूक: रंगरूप पाहून विषारी-बिनविषारी ठरवणे

पॅलिथोआ आपल्या अंगात वाळूचे कण मुरवून घेते, म्हणून तिचा देठ आणि बुड खरखरीत, मळकट दिसतं. झोआंथसमध्ये ही वाळू नसते. ढोबळ ओळखीला हे पुरतं, सुरक्षिततेला पुरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुकानांतून घेतलेले नमुने तपासले होते. काहींत विष भरपूर निघालं, तर दिसायला अगदी तसेच असलेले दुसरे जवळपास निर्विष होते. विक्रीची नावं तर याबाबत काहीच सांगत नाहीत. म्हणून प्रत्येक झोआ आणि पॅली विषारीच, असं धरून चाला.

‘मी वर्षानुवर्षं उघड्या हाताने धरतोय, काही झालं नाही’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. धडधाकट त्वचा बराच अडसर करते, हे खरं. पण नखाशेजारची सोललेली कातडी किंवा खडकाने पडलेला ओरखडा कामाच्या धांदलीत आपल्याला जाणवतही नाही.

चूक: फ्रॅगिंग (कोरल कापून तुकडे वाढवणे) करताना डोळे उघडे

पॉलिप चिमटीत दाबला किंवा ब्लेड लागलं की तो आक्रसतो आणि आतलं पाणी बारीक पिचकारीसारखं बाहेर फेकतो. तुम्ही वाकून पाहत असता, त्यामुळे ती पिचकारी सरळ डोळ्यात येते. बुबुळाला जखम होऊन दृष्टी गेल्याची उदाहरणं आहेत. साधा चष्मा कडेने उघडा असतो. चारही बाजूंनी बसणारा गॉगलच हवा. हातात लांब बाह्यांचे नायट्राइल हातमोजे आणि तोंडावर नीट बसणारा एन९५ मास्क.

पद्धत अशी ठेवा: उथळ टबात टँकचं पाणी घ्या, खडक पूर्ण बुडवा, पॉलिप मिटेपर्यंत थांबा. मग दोन पॉलिपांच्या मधल्या पट्टीतून सर्जिकल ब्लेडने कापा, पॉलिपमधून नाही. दगड तोडायचा असेल तर बोन कटर वापरा. फिरत्या चाकाचं यंत्र पॅलींच्या जवळ आणू नका, ते पाणी आणि मांस दोन्ही हवेत उडवतं. तुकडे दुसऱ्या टबात धुऊन मगच टँकमध्ये सोडा. शेवटी दोन्ही टबांच्या पाण्यात दर १० लिटरला १ लिटर ब्लीच घालून अर्ध्या तासाने ओता. हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका, लहान मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर ठेवा. आणि सायफन कधीही तोंडाने ओढू नका.

टँकमध्येच वसाहत मेली तर

वीज गेली, हीटर अडकला आणि पॅलींची मोठी वसाहत सडू लागली, तर विष पाण्यात सुटू शकतं. मेलेला खडक वर सांगितल्याप्रमाणे बाहेर काढा, २० ते २५ टक्के पाणी बदला, संपमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) पाण्याच्या जोरदार वाटेवर ताजं ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि दोन-तीन दिवसांनी तेही बदला.

काही झालंच तर

तोंडात धातूसारखी किंवा कडवट चव, खोकला, छातीत आवळणं, थंडी-ताप, अंगदुखी, ओठ किंवा बोटं बधिर होणं ही लक्षणं काही मिनिटांत सुरू होऊ शकतात किंवा काही तासांनीही. संध्याकाळी खडक घासला आणि रात्री ताप भरला, की माणूस फ्लू समजून झोपतो. तसं करू नका.

आधी सगळ्यांनी, जनावरांसकट, मोकळ्या हवेत या आणि दार ओढून घ्या. त्वचा साबणाने भरपूर धुवा. डोळ्यात उडालं असेल तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. श्वास लागत असेल तर तडक रुग्णालय. तिथे ‘ॲलर्जी झाली’ एवढंच म्हणू नका. ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्पष्ट सांगा, कोरल कसं हाताळलं तेही सांगा. म्हणजे ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि स्नायूंची झीज दाखवणारी सीके (क्रिएटिन कायनेज) ही तपासणी वेळेत होईल.

घरी परतल्यावर खोली झाडू नका आणि व्हॅक्यूमही फिरवू नका, बसलेली धूळ पुन्हा उडते. खिडक्या उघड्या ठेवून, वरचीच संरक्षक साधनं घालून, ०.५ टक्क्याच्या ब्लीचने भिजवलेल्या फडक्याने जमीन आणि टँकभोवतीची जागा पुसा. अर्धा तास ओली राहू द्या आणि फडकी पिशवीत बांधून टाका.