एचआयव्हीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढावेत

चाचणीसाठी रक्त दिलंत, म्हणजे सगळ्यात जड पाऊल टाकून झालंय. आता वाट पाहायची. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांत ही वाट आणखी जड होते, कारण सिव्हिलच्या रांगेत ओळखीचं कोणीतरी भेटतंच. आजाराच्या भीतीवर ‘लोके काय म्हनतीन’ची भीती चढते आणि दोन्ही मिळून झोप उडवतात. हे दिवस रेटून नेण्यापेक्षा थोडे आखून घेतले तर हलके जातात.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. ज्या प्रसंगाची धास्ती आहे त्याला अजून ७२ तास झाले नसतील, तर पुढचं नंतर वाचा. आधी सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र) गाठा आणि ‘पीईपी’बद्दल विचारा. प्रसंगानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या या २८ दिवसांच्या गोळ्या असतात. त्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या.

आपण कशाची वाट पाहतोय ते ठरवा

वाट पाहणं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे रिपोर्टच्या कागदाची वाट. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, चाचणी मोफत होते आणि रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतो. खासगी लॅबने नमुना बाहेरगावी पाठवला तर थोडे दिवस जास्त लागतात.

दुसरी वाट असते विंडो पिरियडची. विषाणू शरीरात शिरला तरी चाचणीत लगेच दिसत नाही. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेल्या फोर्थ जनरेशन (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं दोन्ही शोधणाऱ्या) चाचणीचं उत्तर ४५ दिवसांनंतर भरवशाचं धरतात, झटपट किटच्या चाचणीचं ९० दिवसांनंतर. आठव्या दिवशी निगेटिव्ह आलेला रिपोर्ट खोटा नसतो, पण मागच्या आठवड्यातल्या प्रसंगाबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. म्हणून समुपदेशकाला प्रसंगाची तारीख स्पष्ट सांगा, चाचणीची योग्य तारीख काढून घ्या आणि ती कॅलेंडरवर लिहा. मधल्या दिवसांत दर आठवड्याला नव्या लॅबमध्ये जाऊन रक्त देऊ नका. पैसे जातात आणि प्रत्येक रिपोर्टनंतर तासाभरात शंका परत येते.

फोन आणि मान

या दिवसांत माणसाला सगळ्यात जास्त छळतात दोन सवयी. पहिली, रात्री पांघरुणात फोनवर लक्षणं शोधणं. दुसरी, दिवसातून कितीदा तरी मानेवर, काखेत, जांघेत बोटं फिरवून गाठ आली का ते चाचपणं. दाबून दाबून ती जागा दुखायला लागते, आणि दुखतंय म्हणून पुन्हा दाबली जाते. आरशात जीभ बघणं, अंगावरच्या पुरळाचे फोटो काढणं, वजनकाट्यावर उभं राहणं हे सगळं त्यातच आलं.

लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, पुरळ येतं. कित्येकांना काहीच होत नाही. असाच ताप आणि अशीच घसादुखी साध्या व्हायरलमध्येही असते. शिवाय भीती स्वतःच तोंड कोरडं पाडते, जुलाब लावते, छाती धडधडवते, जेवण तोडते. जेवण तुटलं की वजन उतरतं आणि माणूस त्याचाही अर्थ एचआयव्हीच लावतो. ताप खरंच असेल तर डॉक्टरला दाखवा, पण निदान स्वतः करू नका.

चाचपणं एकदम थांबत नाही. हात मानेकडे गेला की ‘दहा मिनिटांनी बघू’ म्हणा आणि तेवढ्यात उठून काहीतरी करा. पाणी भरा, गुरांना वैरण टाका. दहा मिनिटांत ओढ बरीच ओसरते. काळजीसाठी संध्याकाळी पंधरा मिनिटं राखून ठेवा, त्या वेळी मनात येईल ते वहीत लिहून काढा. बाकी वेळी विचार आला की त्याला संध्याकाळची वेळ द्या. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. झोप लागत नसेल तर श्वास हळू घ्या आणि त्याहून हळू सोडा, पाच-सात मिनिटं. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटे भीती दुप्पट होऊन उठवते.

एकाला तरी सांगा

सगळ्यांना सांगायची गरज नाही. पण एक माणूस हवा. ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा मित्र, थोरली बहीण, जोडीदार. ‘मी तपासणी केलीय, रिपोर्ट यायचाय, मला सल्ला नको, फक्त सोबत बस,’ एवढं पुरतं. असं कोणीच नसेल तर १०९७ ही एड्सची मोफत हेल्पलाइन आहे, नाव न सांगता बोलता येतं. गावात ओळख निघेल असं वाटत असेल तर चोपड्याच्या माणसाने धुळ्याला किंवा शिरपूरच्या माणसाने जळगावला जाऊन चाचणी करायला काहीच हरकत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

घरात वागणं बदलू नका. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही. लेकराला जवळ घ्यायला घाबरू नका. उत्तर येईपर्यंत पाळायचं ते इतकंच: संबंधात कंडोम वापरा, आपलं ब्लेड दुसऱ्याला देऊ नका आणि रक्तदान करू नका. फुकटात तपासणी होईल म्हणून काही जण रक्तदान करतात. विंडो पिरियडमधलं ते रक्त दुसऱ्याच्या जिवावर येऊ शकतं. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तिने वाट न पाहता आजच डॉक्टरशी बोलावं.

रिपोर्टच्या दिवशी

एकटे जाऊ नका आणि रिपोर्ट समुपदेशकासमोर बसूनच समजून घ्या. खासगी लॅबची किंवा घरच्या किटची एकच चाचणी ‘रिअॅक्टिव्ह’ (लागणीची शक्यता दाखवणारी) आली, तर ते अंतिम निदान नव्हे. आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या किटवर तपासून तिन्ही जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. तसं आलं तर एआरटी केंद्रात मोफत गोळ्या लगेच सुरू होतात. बहुतेकांना रोज एकच गोळी असते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. असे लोक कामधंदा करतात, संसार करतात, म्हातारे होतात.

योग्य तारखेचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी काहींचं मन मानत नाही. किट खराब होतं का, नमुना बदलला का, असं सुरूच राहतं. अशा वेळी पुन्हा रक्त तपासून उपयोग नसतो. आता उपचार लागतो तो भीतीला. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर फोन करा. सलग रात्री झोप नसेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर रिपोर्टसाठी थांबू नका. हा फोन आत्ताच लावा आणि घरातल्या कोणाला तरी जवळ बसवून घ्या.