नव्या टायरचं कौतुक जरा थांबून करा

मोटरसायकलचा टायर बदलून आलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास म्हणतो, ‘गाडी एकदम नवी झाली!’ ते खोटं नसतं, पण त्यावरून टायर चांगला की सुमार हे काही कळत नाही. गोटा झालेला टायर काढून कुठलाही धड टायर बसवला तरी गाडी सुधारतेच. मधोमध सपाट झालेलं रबर जाऊन पुन्हा गोल आकार येतो, आणि बसवणाऱ्याने त्या दिवशी हवाही मोजून भरलेली असते. या दोन गोष्टींचं श्रेय आपण सरळ टायरच्या नावाला देऊन टाकतो.

म्हणून मी नव्या टायरची परीक्षा जुना टायर गाडीवर असतानाच सुरू करते. जुन्या टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरायची आणि ठरलेल्या एका फेऱ्यावर गाडी फिरवायची. त्या फेऱ्यात एक लांब वळण, एक अरुंद यू-टर्न, थोडा खडबडीत तुकडा आणि थोडा सरळ मोकळा रस्ता असला की पुरे. काय जाणवलं ते वहीत दोन ओळींत लिहायचं. पुष्कळदा नुसती हवा नीट केल्यावरच निम्म्या तक्रारी मिटतात. उरतात त्या खऱ्या टायरच्या.

आता टायर खरंच संपलाय का, ते बघू. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. ते कुठे आहेत हे दाखवायला टायरच्या बाजूवर बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. मोटरसायकलच्या बहुतेक टायरांत या उंचवट्यांची उंची ०.८ मिमीच्या आसपास असते. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. मी मात्र तिथवर वाट बघत नाही. पावसाचे दिवस तोंडावर असतील आणि मागच्या टायरच्या मधोमध २ मिमीच खोली उरली असेल, तर मी तो बदलते. पाणी बाहेर काढण्याचं काम खाचांचं, आणि त्या उथळ झाल्या की ते काम कायद्याची मर्यादा गाठण्याच्या बरंच आधी ढिलं पडतं.

मागचा टायर मधोमध सपाट होतो आणि त्याला दोन्ही बाजूंना कड येते. वळणावर गाडी झुकवायला घेतली की आधी ती हटून बसते, आणि ती कड ओलांडली की एकदम आत पडते. पुढच्या टायरचा आजार वेगळा असतो. त्याच्यावर तळहात आधी पुढून मागे आणि मग मागून पुढे फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवती लागत असेल, तर नक्षीचे ठोकळे तिरके झिजलेत. हँडलमधली बारीक थरथर आणि गुणगुण आवाज बऱ्याचदा तिथूनच येतो. लोक मात्र बेअरिंग बदलत बसतात.

वयही बघा. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. वापर कमी असलेल्या गाडीची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होऊन बाजूला तडे गेलेले असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासा. दहा वर्षं झालेला टायर दिसायला कितीही चांगला असला तरी काढाच. नवा घेतानाही हेच आकडे आधी वाचा.

मापाचं कोडं तसं सोपं आहे. १००/९०-१७ ५५पी असं लिहिलं असेल, तर रुंदी १०० मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिमचा व्यास १७ इंच. ५५ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे त्या टायरवर २१८ किलोपर्यंत भार चालतो, आणि ‘पी’ म्हणजे ताशी १५० किमीपर्यंतचा वेग. मधल्या आडव्या रेघेच्या जागी ‘आर’ असेल तर टायर रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले; साध्या टायरात ते तिरके, एकमेकांवरून जातात. पुढे रेडियल आणि मागे साधा, किंवा उलट, अशी जोडी गाडीच्या कंपनीने स्वतः दिली नसेल तर जमवू नका.

आणि रुंद टायरचा मोह! दिसायला भारदस्त वाटतो, हे मान्य. पण अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत दाबल्या जातात आणि माथा टोकदार होतो. रस्त्याला टेकणारा भाग हवा तसा वाढत नाही, गाडी वळायला जड होते आणि वजन वाढतं ते वेगळंच. माझा धाकटा भाऊ दर वेळी विचारतो, ‘ताई, एक साइज मोठा टाकू या का?’ मी दर वेळी नाही म्हणते. कंपनीचंच माप ठेवा. टायरची तुलना करायची असेल तर ते आणखीच गरजेचं, कारण माप बदललं की नक्की कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

बसवण्याबद्दल. चाक काढणं घरी जमण्यासारखं आहे. टायर रिमवरून उतरवायला लिव्हर, ताकद आणि सबुरी लागते. हे नको असेल तर चाक काढून टायरवाल्याकडे न्या, पण समोर उभं राहून बघा. काय बघायचं ते सांगते.

मागचं चाक काढण्याआधी चेनच्या अॅडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा टिपून ठेवा किंवा फोटो काढा. एक्सलवरचे (चाकाच्या दांड्यावरचे) स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या, कुठला कुठल्या बाजूचा, तेही. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पिस्टन पुढे सरकतात आणि मग डिस्क आत जात नाही. चाक आडवं ठेवताना डिस्क जमिनीला लागू देऊ नका, खाली लाकडाचे दोन ठोकळे द्या. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या दांड्याचा नट आणि त्यातली पिन परत लावायला विसरू नका. ती प्लेट फिरली तर चाक अडकून बसतं.

टायर चढवताना सगळं गणित रिमच्या मधल्या खोलगट भागाचं आहे. लिव्हरने एका बाजूची कड (टायरचा रिममध्ये बसणारा काठ) वर ओढताना समोरची बाजू गुडघ्याने त्या खोलगट भागात दाबून ठेवायची. मग तेवढ्यापुरती ढील मिळते आणि टायर हाताने सुद्धा सरकतो. जोर लावावा लागत असेल तर समोरची बाजू वर आली आहे, एवढंच समजायचं. कडेला साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट लावा. ग्रीस किंवा ऑइल नको. ते रबराला बाधतं, आणि ब्रेक मारल्यावर टायर रिमवर घसरू शकतो.

बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. काही टायरांवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी उलट दिशेचे बाण असतात, तेव्हा नीट वाचूनच बसवा. हलक्या भागाची खूण म्हणून रंगाचा ठिपका असेल तर तो वाल्वपाशी आणा. ट्यूबलेस असेल तर वाल्व नवा घाला. ट्यूबचा असेल तर ट्यूब नवी, आणि स्पोकवर झाकण म्हणून असलेली रिमची पट्टीही तपासा. जुनी ट्यूब ताणली गेलेली असते. नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि पुढे त्या घडीवरच ती फाटते.

हवा भरताना कड दोन्ही बाजूंना ‘टप्प’ असा आवाज करून बसते. आवाजावर विसंबू नका. रिमलगत टायरवर एक बारीक उठावदार रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसायला हवी. ४० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) कड बसली नाही तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा, पुन्हा भरा. हट्टाने हवा वाढवत नेणं धोक्याचं आहे. कड बसली की हवा ठरलेल्या आकड्यावर आणा. हा आकडा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा सहसा कमाल मर्यादेचा असतो, रोजचा नव्हे.

त्यानंतर बॅलन्सिंग, म्हणजे छोटी वजनं लावून चाकाचा भार सगळीकडे सारखा करणं. ‘मोटरसायकलला लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पुढच्या चाकाला तर ते हवंच. चाक परत बसवताना चेन सरळ रेषेत आहे ना, ढील पुस्तकात दिलेल्या मापाएवढी आहे ना, एक्सलचा नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळला ना, हे बघा. आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिल्या दाबाला तो रिकामाच जातो.

पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा. नवं रबर गुळगुळीत असतं. रस्त्यावर घासून ते थोडं खरखरीत झालं की मगच पूर्ण पकड येते. शिवाय आतले थर या काळात आपली जागा घेतात आणि आपल्यालाही नवा आकार अंगवळणी पडावा लागतो. सरळ रस्त्यावर नुसतं मधलंच रबर घासतं, म्हणून दर वळणावर झुकाव थोडा थोडा वाढवत न्या. सँडपेपर घासणं हा उपाय नाही. टायर चमकवायचं पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीच लावू नका.

आता परीक्षा. फेरा तोच आणि हवा तीच, टायर थंड असताना मोजलेली. ‘तीच’ यावर मी अडून बसते, कारण हवामान १० अंशांनी बदललं तरी दाबात एक-दीड पीएसआयचा फरक पडतो. पुढच्या टायरमधला दोनेक पीएसआयचा फरकही हँडलवर सहज कळतो.

आधी हळू वेगातला यू-टर्न घ्या. हँडल स्वतःहून आत पडतंय का, की ढकलावं लागतंय? टोकदार माथ्याचा टायर पटकन आत पडतो, गोल माथ्याचा सावकाश आणि एकसारखा झुकतो. यात चांगलं-वाईट असं काही नाही, कुणाला काय आवडतं एवढाच प्रश्न. लांब वळणावर खरी गोष्ट कळते. एकदा झुकवल्यावर गाडी तिथेच राहिली तर उत्तम. सतत आत ढकलावी किंवा बाहेर सावरावी लागत असेल, तर आधी हवा तपासा आणि मग टायरला नावं ठेवा. वळणात हलका ब्रेक लावला की गाडी थोडी उभी राहू बघते. किती, ते जुन्या नोंदीशी ताडून बघा.

इथे एक घोळ होतो. फक्त मागचाच टायर बदलला तर गाडीची मागची बाजू झिजलेल्या रबराएवढी, चार-पाच मिलिमीटर, वर उचलली जाते. त्यामुळे पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या) किंचित उभा होतो आणि गाडी चटकन वळते. हा गुण त्या टायरचा नाही, उंचीचा आहे. टायर अर्धा झिजला की हा गुण निम्मा जातो.

सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड सैल करा, सोडू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल तर टायरवर शेरा मारण्याआधी चाकाची रेषा तपासा. ठरावीक वेगालाच थरथर येत असेल तर बॅलन्सिंग बघा. रस्त्यातल्या लांब चरांच्या मागे पुढचं चाक जातंय का, तेही पाहा. काही नक्षी, विशेषतः पुढच्या टायरच्या मधोमध सलग खाच असलेल्या, याला जास्त बळी पडतात. खडबडीत तुकड्यावर बारीक खडे हातात किती येतात यावरून टायरचा कडकपणा कळतो. बटणाचे, म्हणजे सुट्या मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर डांबरावर आवाज करणारच, तिथे आवाजाची तक्रार नको.

ओल्या रस्त्यावरची परीक्षा पांढऱ्या पट्ट्यांवर किंवा लोखंडी झाकणांवर घेऊ नका. तिथे सगळेच टायर घसरतात. मोकळ्या सरळ डांबरावर, मागे कोणी नसताना, ब्रेकचा दाब हळूहळू वाढवत जा आणि टायर कुठे इशारा देतो ते बघा. चांगला टायर सुटण्याआधी कळवतो. माझ्या लेखी टायरचा सगळ्यात मोठा गुण हाच. ज्याची पकड थोडी कमी पण इशारा स्पष्ट, तो टायर मी घेईन. पकड जास्त असून अचानक सुटणारा मला नको.

भाऊ आणि मी एकच गाडी चालवतो आणि तो माझ्यापेक्षा बराच वजनदार आहे. माझ्या वहीत एका टायरपुढे ‘कडक, हात दुखतात’ असं लिहिलंय, त्याखालीच त्याच्या अक्षरात ‘एकदम स्थिर’. दोघांचंही खरं आहे. म्हणून दुसऱ्याचा अभिप्राय वाचताना तो माणूस केवढा, एकटा जातो की डबलसीट, आणि कुठल्या गाडीवर, हे कळल्याशिवाय मी त्याला फारशी किंमत देत नाही. टायरच्या कडेला न घासलेलं रबर किती उरलंय यावरून चालवणाऱ्याची लायकी ठरवणाऱ्यांचं तर मी ऐकतच नाही.

शंभरेक किलोमीटरनंतर एक्सलचा नट, चेनची ढील आणि हवा पुन्हा तपासा. हवा आठवड्यात दोन पीएसआयहून जास्त उतरली असेल तर वाल्वला आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. वहीत बसवल्याचे किलोमीटर, बनल्याचे चार आकडे आणि हवा लिहून ठेवा. खाचा निम्म्या झिजल्या की तोच फेरा पुन्हा मारायचा आणि तेव्हाचं मत वेगळ्या ओळीत लिहायचं. पुढच्या वेळी तोच टायर घ्यायचा की नाही, हे मी त्या दुसऱ्या ओळीवरून ठरवते.