नायट्रेट जास्त की फॉस्फेट? रीफ टँकचं फिल्ट्रेशन त्यावरून ठरवा

२०० लिटरच्या रीफ टँकमध्ये (समुद्री मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) रोज एक ग्रॅम कोरडं खाद्य पडतं असं धरू. त्यात साधारण ४५ टक्के प्रथिनं आणि १ टक्का फॉस्फरस असतो. माशांनी खाल्लं काय किंवा तळाशी कुजलं काय, शेवटी ते पाण्यातच उतरतं. सगळं उतरलं तर दिवसाला नायट्रेट सुमारे १.६ पीपीएमने (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.१५ पीपीएमने वाढेल. प्रत्यक्षात खडकांतले जीवाणू, शेवाळ आणि कोरल त्यातलं बरंच उचलतात, म्हणून आकडे इतक्या झपाट्याने चढत नाहीत. तरीही १० टक्के पाणी बदलल्यावर २० पीपीएमचं नायट्रेट फक्त १८ वर येतं हे लक्षात घ्या. आठवड्याचा पाणीबदल क्षार आणि सूक्ष्म घटकांसाठी हवाच, पण खाद्याचा हिशेब तो एकटा फेडू शकत नाही.

नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या टप्प्यात ठेवायचं. शून्य नको. दोन्ही शून्याला टेकले की कोरल फिके पडतात आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, शेंबडासारखा थर चढतो. हे डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. घाण दिसते म्हणून लोक फिल्ट्रेशन आणखी वाढवतात आणि प्रकरण चिघळतं. तिथे जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) बंद करून दोन्ही आकडे वर आणावे लागतात.

मोजमाप नीट नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. चेकर (पाण्याचा नमुना कुपीत घालून मोजणारं छोटं यंत्र) फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवत असेल, तर आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा. २० आलं तर फॉस्फेट ०.०६ पीपीएम. कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी एवढ्या बारीक आकड्यात फरक पडतो, म्हणून दर वेळी ती मऊ कापडाने पुसा.

मिठाचं पाणी कशात कालवता तेही तपासा. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो. चवीसाठी तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. ते पाणी टँकला चालत नाही. मेम्ब्रेननंतर लगेच नळी काढा, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे) लावा आणि टीडीएस मीटरवर ० दिसेपर्यंत ते पाणी वापरू नका.

खडक कोरडा, मानवनिर्मित किंवा दुसऱ्याच्या जुन्या टँकमधला घ्या. मालवणला डुबकी मारून 'लाइव्ह रॉक' (जीव वसलेला प्रवाळखडक) आणायचा विचार असेल तर तो सोडा: कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

आता यंत्रं. फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) लावला तर दर तीन दिवसांनी बदलायचा. आळस असेल तर लावूच नका, कारण अडकलेला गाळ तिथेच कुजून नायट्रेट बनतो. पैसे खर्च करायचे ते स्किमरवर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून घाण वर कपात काढणाऱ्या यंत्रावर. नवा स्किमर एक-दोन आठवडे वेड्यासारखा फेसाळतो किंवा अजिबात फेस देत नाही, दोन्ही नेहमीचंच. संपमधली (टँकखालच्या यंत्रांच्या टाकीतली) पाण्याची पातळी स्थिर ठेवा आणि कपात काळ्या चहाच्या रंगाचं पाणी जमेल अशी झडप लावा. गळ्यावरचा चिकट थर तीन-चार दिवसांनी पुसला नाही तर फेस वर चढतच नाही. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचलं की बुडबुडे अचानक मोठे होतात. गरम पाण्याने ती मोकळी करा.

एवढं करूनही आकडे चढेच राहिले तर पुढची निवड.

फक्त फॉस्फेट जास्त: जीएफओ. उत्पादकाने सांगितलेल्या मापाच्या निम्मं घ्या. आरओ पाण्याने ते स्वच्छ निथळेपर्यंत धुवा आणि रिअॅक्टरमध्ये (दाणे भरून पाणी फिरवायच्या नळकांड्यात) दाणे जेमतेम हलतील एवढाच प्रवाह ठेवा. जोरात घुसळले तर दाणे झिजून लाल भुकटी टँकभर पसरते. तीन दिवसांनी मोजा. फॉस्फेट एकदम कोसळलं तर कोरलचं मांस सुटायला लागतं. खाली आलेला आकडा आठवड्याभरात परत चढला तर माल खराब आहे असं समजू नका. खडकाने शोषलेलं फॉस्फेट बाहेर येतंय. माल बदलत राहायचा.

दोन्ही थोडे जास्त: संपमध्ये रिफ्युजियम (शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) करून केटो शेवाळ. त्याचा दिवा टँकचे दिवे विझल्यावर लावा, म्हणजे रात्री पीएच फार घसरत नाही. गोळा घट्ट झाला की एक तृतीयांश काढून फेका. काढलं नाही तर पोषकद्रव्यं टँकबाहेर गेलीच नाहीत. कॉलर्पा हे शेवाळ टाळा, ते प्रजनन पेशी सोडून एका रात्रीत पाणी दुधाळ हिरवं करू शकतं.

नायट्रेट बरंच जास्त आणि फॉस्फेटही मोजता येण्याइतकं: कार्बन डोसिंग, म्हणजे जीवाणू वाढावेत म्हणून त्यांना कार्बनचं खाद्य (इथे व्होडका) घालणं. जीवाणू नायट्रेट आणि फॉस्फेट साधारण १० ला १ पीपीएम या प्रमाणात खातात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. म्हणूनच स्किमर नसेल तर हे करू नका, आणि फॉस्फेट शून्य असेल तर नायट्रेट हलणारही नाही. ४० टक्क्यांची, वास-रंग नसलेली साधी व्होडका घ्या. २०० लिटरला पहिले तीन दिवस रोज ०.२ मिली, पुढचे चार दिवस ०.४ मिली, मग दर आठवड्याला रोजच्या डोसमध्ये ०.५ मिलीची वाढ. लाल टोपणाच्या ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ०.२ मिली म्हणजे ८ युनिट. नायट्रेट ५ च्या आसपास आलं की डोस निम्म्यावर आणा. या काळात अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटची पातळी) ७ ते ८.५ डीकेएच (तिचं एकक) ठेवा. पोषण कमी आणि अल्कलिनिटी चढी असेल तर अॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं जळतात.

पाणी धुरकट पांढरं झालं तर जीवाणू माजलेत आणि ऑक्सिजन खाताहेत. डोस थांबवा, हवेचा पंप लावा. वीज जाते तेव्हा धोका हाच, त्यामुळे बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्या. लोडशेडिंगच्या दिवशीचा डोस सोडून द्यायचा, दुसऱ्या दिवशी दुप्पट घालून भरपाई करायची नाही.