आयव्हीएफची फाइल उघडण्याआधी

गोव्यात साखळी गावच्या बाजारात माझी फार्मसी आहे. आयव्हीएफची, म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करून गर्भाशयात सोडायच्या उपचाराची, इंजेक्शनं न्यायला बायका येतात, बहुतेक एकट्याच. फाइल जाडजूड असते, पण कित्येकदा नवऱ्याचा साधा वीर्याचा रिपोर्ट तिच्यात नसतो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

नियमित संबंध असूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावं. बाईने पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच. वीर्यतपासणी स्वस्त आणि बिनदुखण्याची. 2 ते 7 दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढंच. साधारण निम्म्या जोडप्यांत अडचण पूर्णपणे किंवा थोडीफार पुरुषाकडे असते. तरी देवळात प्रसाद लावायला, म्हणजे देवाचा कौल घ्यायला, नेतात ते सुनेलाच. लावा हो, कौल उजवा म्हणजे शुभ होवो, पण मुलालाही लॅबमध्ये पाठवा! रिपोर्ट वाईट आला तर तपासणी पुन्हा करतात. मध्यंतरी जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम दोन-तीन महिने राहतो, तेव्हा तेही डॉक्टरांना सांगा.

बाईच्या तपासण्या म्हणजे एएमएच ही रक्ततपासणी, थायरॉइड, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी आणि गर्भनलिकांचा एक्स-रे. एएमएच कमी म्हणजे बीजांचा साठा कमी. मूल होणारच नाही असा त्याचा अर्थ नव्हे. नळ्या बंद, शुक्राणू फारच कमी, वय सरत चाललेलं, अशा वेळी आयव्हीएफ. नळ्या मोकळ्या आणि वय हाताशी असेल तर ‘आधी आययूआय का नको?’ असं विचारायला लाजू नका. त्यात धुऊन घेतलेले शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडतात.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, 2023 पासून हे उपचार मोफत मिळतात, तेव्हा आधी तिथे चौकशी करा. खासगीत जाणार असाल तर केंद्राची 2021 च्या एआरटी कायद्याखाली, म्हणजे अशा उपचारांसाठीच्या कायद्याखाली, नोंदणी आहे का ते पाहा. या कायद्याने बाईचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 च्या आत लागतं. मुलगा की मुलगी हे निवडून देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठा, तो गुन्हा आहे. ‘यश किती टक्के?’ हा प्रश्न मोघम. माझ्या वयाच्या किती बायकांना प्रत्यक्ष मूल झालं, ते विचारा. टेस्ट पॉझिटिव्ह येणं वेगळं, मूल घरी येणं वेगळं. पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरलीत का आणि गोठवलेले गर्भ ठेवायचे वर्षाला किती घेतात, हेही लिहून घ्या.

इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण 8 ते 12 दिवस, पोटावर, रोज ठरल्या वेळी. बरीचशी 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात. फ्रिजच्या दारात नको, फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. वाळपईला कदंबाच्या बसने जाणार असाल तर मी बर्फाची पिशवी कागदात गुंडाळून देते, कारण औषध बर्फाला थेट टेकलं तर गोठून वाया जातं.

शेवटचं, बीजं पूर्ण पिकवणारं ट्रिगर इंजेक्शन सगळ्यांत नाजूक. ते घेतल्यावर 34 ते 36 तासांनी बीजं काढतात, म्हणून वेळ हमखास रात्रीची येते. दहा वाजता सांगितलं तर दहालाच. सुई कोण टोचणार, हे दुपारीच ठरवा. गावच्या नर्सबाई चवथीला माहेरी गेल्या की पंचाईत होते.

बीजं थोडी भूल देऊन काढतात, लॅबमध्ये शुक्राणूंशी मिलन होतं, आणि तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात सोडतात. किंवा गोठवून पुढच्या महिन्यात. सोडताना भूल सहसा लागत नाही. त्यानंतर अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही, शेजारीण काही म्हणो. मात्र बीजं काढल्यावर पोट फुगलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता केंद्राला फोन करा.

गर्भ सोडल्यावर चार दिवसांतच कुणी घरी करायचं टेस्ट किट मागितलं, तर मी परत पाठवते. ट्रिगरचं हार्मोन अंगात उरलं असेल तर खोटी पॉझिटिव्ह दिसते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला, साधारण दोन आठवड्यांनी, रक्ताचीच तपासणी करा. आणि ती पॉझिटिव्ह आली म्हणून प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकायला दिलेलं हार्मोनचं औषध, आपल्या मनाने बंद करू नका.