मोटारीच्या विम्याचा हप्ता कुठे कमी करावा आणि कुठे करू नये

मोटारीच्या विम्याची मुदत संपत आली की कंपनीचा संदेश येतो, एजंटचा फोन येतो, आणि बहुतेक लोक तळाशी छापलेला एकूण आकडा पाहून तेवढे पैसे भरून मोकळे होतात. हप्ता खरोखर कमी करायचा असेल, तर आधी मागच्या वर्षीची पॉलिसी समोर घेऊन बसावे. त्या कागदावर हप्त्याचे दोन रकाने असतात. एक ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, आणि दुसरा ‘लायबिलिटी’चा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेच्या किंवा हानीच्या भरपाईचा. या दुसऱ्यालाच आपण थर्ड पार्टी विमा म्हणतो. दोन्हींच्या बेरजेवर 18 टक्के जीएसटी लागतो.

थर्ड पार्टीच्या रकान्यात घासाघीस करण्यात वेळ घालवू नये. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार हा विमा सक्तीचा आहे आणि त्याचे दर केंद्र सरकार ठरवते. 1 जून 2022 रोजी लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी वर्षाला 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीसाठी 3,416 रुपये आणि त्यापुढे 7,897 रुपये लागतात; कंपनी कोणतीही असो, आकडा तोच राहतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना या दरांत 15 टक्के सवलत आहे. बचतीला वाव आहे तो ओन डॅमेजच्या रकान्यात आणि त्याला जोडलेल्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेल्या वाढीव संरक्षणांत.

ओन डॅमेजच्या हप्त्यातली सर्वांत मोठी सवलत म्हणजे नो क्लेम बोनस, आणि लोक तीच सर्वांत सहज घालवतात. एक वर्ष दावा केला नाही तर पुढच्या वर्षी 20 टक्के, सलग दोन वर्षांनी 25, तीन वर्षांनी 35, चार वर्षांनी 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के, अशी ही पायरी चढत जाते. एक दावा केला, की आपण पुन्हा शून्यावर येतो. म्हणून बंपरला ओरखडा गेला, आरसा तुटला, पार्किंगमध्ये दार चेपले, अशा वेळी गॅरेजवाल्याने ‘इन्शुरन्समध्ये टाकून देऊ’ असे म्हटले तरी लगेच होकार देऊ नये. आधी कागद-पेन घेऊन हिशेब मांडावा.

समजा, सवलतीपूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता 10,000 रुपये आहे, आपला बोनस सध्या 45 टक्के आहे, आणि बंपरचे बिल 6,500 रुपये झाले आहे. त्यातले 4,000 रुपये बंपरचे आणि उरलेले मजुरीचे आहेत असे धरू. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे वापरामुळे भागांच्या किमतीत धरली जाणारी घट कापू न देणारे ॲड-ऑन, घेतलेले नसेल, तर प्लास्टिकच्या भागावर निम्मी घट कापली जाते, म्हणजे 2,000 रुपये गेले; 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यामागे 1,000 रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात, तेही गेले. कंपनीकडून मिळाले 3,500 रुपये. आता दुसरी बाजू पाहू. दावा केला नसता तर पुढची पाच वर्षे 50 टक्के सवलतीने दरवर्षी 5,000 रुपये भरावे लागले असते. दावा केल्यावर तेच हप्ते अनुक्रमे 10,000, 8,000, 7,500, 6,500 आणि 5,500 रुपये होतात. जादा गेले 12,500 रुपये, आणि जीएसटी धरून 14,750. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून काहीसा कमी भरेल. तरीही साडेतीन हजारांसाठी हा सौदा परवडणारा नाही, हे उघड आहे. बोनस शून्यावर असेल किंवा नुकसान मोठे असेल, तर मात्र दावा नक्की करावा, कारण विमा त्यासाठीच घेतलेला असतो.

हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने सहा वर्षे एकही दावा न करता वापरलेली गाडी एक्स्चेंजमध्ये दिली आणि नव्या गाडीचा पहिला हप्ता पूर्ण भरला. शोरूममध्ये कुणी सांगितले नाही आणि यांनी विचारले नाही. नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यावर थेट 50 टक्के सवलत मिळणार होती, ती गेली. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र मागून घ्यावे. ते तीन वर्षे चालते. नूतनीकरण मुदतीनंतर 90 दिवसांच्या आत झाले नाही, तरीही बोनस जातो. आणि दावा केलेला असताना तो लपवून कंपनी बदलताना बोनस सांगण्याचा मोह कुणी घातला, तर तो निक्षून टाळावा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि पुढे मोठा अपघात झाला तर याच कारणावरून दावा अडतो. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचेही तसेच आहे. त्याची नोंद आरसी बुकात आणि पॉलिसीत असलीच पाहिजे, मग थोडा हप्ता वाढला तरी चालेल.

आता आयडीव्हीकडे वळू. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे गेली, तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देते, ती ही. गाडीच्या सध्याच्या शोरूममधल्या किमतीतून वयानुसार घट वजा करून ती काढतात: एक ते दोन वर्षांच्या गाडीला 20 टक्के, दोन ते तीनला 30, तीन ते चारला 40, चार ते पाचला 50, पाच वर्षांनंतर मालक आणि कंपनी यांच्या संमतीने रक्कम ठरते. आठ लाखांच्या अडीच वर्षे वापरलेल्या गाडीची आयडीव्ही त्यामुळे 5 लाख 60 हजारांच्या आसपास यायला हवी. स्वस्त वाटणाऱ्या कोटेशनमध्ये पुष्कळदा हाच आकडा गुपचूप खाली आणलेला असतो. आयडीव्ही 70 हजारांनी उतरवली तर हप्त्यात काही शे रुपये वाचतात, पण गाडी चोरीला गेल्यास पुरते 70 हजार बुडतात. या मार्गाने हप्ता कमी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲड-ऑनच्या यादीत मात्र कात्री जरूर चालवावी. किल्ली हरवण्याचे संरक्षण, टायरचे संरक्षण, गाडीतल्या सामानाचे संरक्षण यांपैकी किती गोष्टी आपल्याला खरोखर लागतात, हे पाहावे. रस्त्यातल्या मदतीची सेवा गाडीच्या वॉरंटीबरोबर आधीच मिळत असेल, तर तिचे पैसे दुसऱ्यांदा देण्याचे कारण नाही. पहिल्या चार-पाच वर्षांत झिरो डेप्रिसिएशन ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण आजच्या गाड्यांत प्लास्टिकचे भाग फार असतात. इंजिनाच्या संरक्षणाबद्दल दोन शब्द अधिक लिहितो. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, की इंजिनात पाणी शिरून ते निकामी होते, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरले जात नाही. 26 जुलै 2005 चा पाऊस पाहिलेल्या मुंबई-ठाण्यातल्या माणसाने, किंवा पंचगंगा आणि कृष्णेचे पूर अनुभवलेल्या कोल्हापूर-सांगलीकराने, हजारभर रुपयांसाठी हे ॲड-ऑन काढून टाकू नये. उंचावरच्या, पाणी न साचणाऱ्या भागात गाडी वापरणाऱ्याने ते सोडले तर हरकत नाही.

लहान दावे करायचेच नाहीत असे एकदा ठरवले, की ऐच्छिक वजावटीचा पर्यायही आपल्याला फायद्याचा ठरतो. प्रत्येक दाव्यात सक्तीच्या रकमेवर आणखी, समजा 5,000 रुपये, स्वतः भरण्याची तयारी दाखवली तर कंपनी ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट देते. सूट किती मिळते हे पाहूनच निर्णय घ्यावा; शे-दीडशे रुपयांसाठी एवढी जोखीम पत्करण्यात अर्थ नाही. पुण्याच्या एआरएआय संस्थेने प्रमाणित केलेले चोरीरोधक उपकरण बसवले असेल तर अडीच टक्के, पण 500 रुपयांपर्यंतच, सवलत मिळण्याची पद्धत आहे. तेवढ्यासाठी ते मुद्दाम विकत घेऊ नये. बसवलेले असेल तर सांगायला विसरू नये.

मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा आणखी एक दुर्लक्षित रकाना आहे. जानेवारी 2019 पासून नियम असा आहे, की आपल्याकडे आधीच तेवढ्या रकमेची वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल, तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. घरात एकाच्याच नावावर मोटार आणि स्कूटर असेल, तर एकदाच घेतलेला पुरतो. अनेक घरांत तो दोनदा भरला जातो.

नवी गाडी घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, ओन डॅमेज मात्र एका वर्षाचे असले तरी चालते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करताना म्हणूनच फक्त ओन डॅमेजची पॉलिसी घ्यायची असते, आणि सप्टेंबर 2019 पासून ती दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येते. चुकून संपूर्ण पॉलिसी घेतली, तर थर्ड पार्टीचे पैसे दुहेरी जातात. पहिल्या वर्षीचा विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, असे विक्रेत्याने सांगितले तरी तशी सक्ती त्याला करता येत नाही. बाहेरचे दोन-तीन कोटेशन त्याच्यासमोर ठेवले, की पुष्कळदा त्याचा आकडाही खाली येतो.

गाडी फार थोडी चालत असेल, म्हणजे रोजचा प्रवास लोकलने आणि गाडी केवळ रविवारी किंवा गावी जाण्यापुरती बाहेर निघत असेल, तर जुलै 2022 पासून परवानगी मिळालेला, किलोमीटरवर आधारलेला विमा पाहावा. त्यात ठरलेली मर्यादा ओलांडल्यावर नुकसानभरपाईचे काय होते, हे अटींत नीट वाचल्याशिवाय तो घेऊ नये.

तुलना करण्याचे काम मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधी सुरू करावे आणि सर्व कोटेशन एकाच आयडीव्हीवर, त्याच ॲड-ऑनसह मागावेत, नाहीतर आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. आपल्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये त्या कंपनीची कॅशलेस सोय आहे का, हेही विचारावे. मुदत उलटली तर गाडीची तपासणी झाल्याशिवाय ओन डॅमेजची पॉलिसी मिळत नाही, आणि थर्ड पार्टी विम्याविना रस्त्यावर सापडल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपयांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पैसे भरल्यावर आलेल्या पॉलिसीत नाव, गाडीचा क्रमांक, चॅसी क्रमांक, आयडीव्ही आणि बोनसची टक्केवारी जुन्या कागदाशी ताडून पाहावी, आणि चूक आढळल्यास त्याच आठवड्यात कंपनीकडून लेखी दुरुस्ती करून घ्यावी.